झिंकचं शेपूट वाचा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच शब्दाभोवती फिरत होती : झिंक. कोणी पिशवीवरच्या आकड्यांनी गोंधळलं आहे, कोणी औषधाच्या गोळीने, तर कोणी पाठ्यपुस्तकाने. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे जस्ताला दिलं आहे. काही पिशव्यांवर ‘झिंक’ असतं, काहींवर हिंदी वळणाचं ‘जिंक’. दोन्ही एकच, म्हणजे आपलं जस्त. खरा फरक पडतो तो त्याच्या पुढच्या शब्दात.

प्रश्न : सल्फेट, सल्फाइड, सल्फाइट, फॉस्फेट, फॉस्फाइड ही सगळी नावं कानाला सारखीच लागतात. दुकानात नाव सांगताना चूक झाली तर काय बिघडतं? (शेतकरी, आर्वी, जि. वर्धा)

एका जागी चूक झाली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तेच सांगतो. झिंक सल्फेट हे खत आहे. झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारायचं जहर आहे. दोघांत ‘झिंक’ सारखं, फक्त पुढचा शब्द वेगळा, पण काम पूर्ण निराळं.

नावाचं शेपूट ओळखायला सोपं आहे. शेवटी ‘आइड’ आलं की धातूशी दुसरं मूलद्रव्य थेट जोडलेलं आहे, मध्ये ऑक्सिजन नाही : सल्फाइड म्हणजे जस्त आणि गंधक, फॉस्फाइड म्हणजे जस्त आणि फॉस्फरस. ऑक्साइडमध्ये ते दुसरं मूलद्रव्य ऑक्सिजनच असतो, एवढाच काय तो अपवाद. ‘एट’ आलं की त्या गंधकाला किंवा फॉस्फरसला ऑक्सिजनचे चार अणू चिकटलेले आहेत. ‘आइट’ म्हणजे ऑक्सिजन आहे, पण एक अणू कमी. झिंक सल्फाइट शेतीच्या बाजारात मिळत नाही. पिशवीवर किंवा बिलावर ते दिसलंच, तर ती छपाईची चूक तरी आहे किंवा माल तरी संशयाचा आहे.

ऑक्सिजन असण्या-नसण्याने एवढा फरक का पडतो? झिंक सल्फेट पाण्यात साखरेसारखं विरघळतं, म्हणून मुळांना मिळतं. झिंक सल्फाइड पाण्यात विरघळतच नाही. ते खाणीतलं खनिज आहे, शेतात टाकून पिकाला उपयोग नाही. झिंक फॉस्फेटही जवळजवळ न विरघळणारं. ते लोखंडावर गंज चढू नये म्हणून लावायच्या प्रायमरमध्ये आणि दातांच्या सिमेंटमध्ये वापरतात. झिंक फॉस्फाइड मात्र ओल लागली, आणि त्याहून जास्त आम्ल लागलं, की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सोडतं. उंदराच्या पोटातल्या आम्लाने हेच घडतं. माणसाच्या, कुत्र्याच्या आणि कोंबडीच्या पोटातही हेच घडतं, आणि त्यावर नेमका उतारा नाही.

डोळ्यांनी ओळखायचं तर झिंक सल्फेट पांढरं असतं, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं किंवा भुकटीसारखं, आणि त्याला वास नाही. झिंक फॉस्फाइड करड्या-काळ्या रंगाची भुकटी असते आणि लसणासारखा वास येतो. पण ओळख पटवायला म्हणून हुंगू नका. त्याच्या पाकिटावर कवटी-हाडांची खूण असते, खताच्या पिशवीवर ती नसते. दोन्ही एकाच फळीवर ठेवू नका, आणि उरलेलं जहर दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका. छापील पाकीट गेलं की ओळख गेली. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरी पाणी, दूध, तेल पाजत बसू नका, उलटी काढायला बोटं घालू नका. पाकीट सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना ‘झिंक फॉस्फाइड’ हे पूर्ण नाव सांगा. नुसतं ‘झिंक खाल्लं’ असं सांगितलं तर उपचाराची दिशा चुकू शकते.

प्रश्न : एका पिशवीवर झिंक सल्फेट २१ टक्के आणि दुसरीवर ३३ टक्के. दुकानदार म्हणतो ३३ वालं ‘डबल पावर’ आहे. तिसरीकडे चिलेटेड झिंक १२ टक्के, आणि तेच सर्वांत महाग! कमी टक्क्याला जास्त पैसे कशाचे? (संत्रा बागायतदार, वरुड, जि. अमरावती)

२१ आणि ३३ ही दोन वेगळी खतं नाहीत. मीठ (म्हणजे क्षार, खायचं मीठ नव्हे) एकच आहे, त्यात धरून ठेवलेलं पाणी वेगवेगळं आहे. २१ टक्केवाल्याचं पूर्ण नाव झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट. हेप्टा म्हणजे सात : मिठाच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सात रेणू स्फटिकात बसलेले असतात. वजनाच्या हिशेबाने दहा किलोच्या पिशवीतलं जवळपास ४ किलो ४०० ग्रॅम हे पाणीच असतं. ते हाताला ओलं लागत नाही, पण वजनात मोजलं जातं. ३३ टक्केवालं मोनोहायड्रेट. मोनो म्हणजे एक, त्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास. पाणी कमी म्हणून तेवढ्याच वजनात जस्त जास्त. यात ‘डबल पावर’ काही नाही. नेमकं सांगायचं तर ते दीडपटीहून थोडं अधिक आहे.

याचा परिणाम थेट मात्रेवर होतो, आणि चुका इथेच होतात. शिफारस सहसा हेप्टासाठी लिहिलेली असते : हेक्टरी २५ किलो, म्हणजे एकरी १० किलो. त्यातून जमिनीला शुद्ध जस्त मिळतं २ किलो १०० ग्रॅम. तेवढंच जस्त मोनोतून द्यायला साधारण ६ किलो ४०० ग्रॅम पुरतं. फवारणीत अर्धा टक्का म्हणजे १५ लिटरच्या पंपाला हेप्टा ७५ ग्रॅम. मोनो असेल तर ४८ ग्रॅम. पिशवी बदलली आणि माप तेच ठेवलं, की कोवळ्या नवतीवर पानांच्या कडा जळतात. मग दोष औषधाला जातो.

भाव ताडून पाहताना पिशवीची किंमत पाहू नका, किलोभर जस्त कितीला पडतं ते काढा. समजा, ५ किलो हेप्टा ३०० रुपयांना आहे आणि ५ किलो मोनो ४२० ला. हेप्टात जस्त १ किलो ५० ग्रॅम, म्हणजे किलोला सुमारे २८६ रुपये. मोनोत १ किलो ६५० ग्रॅम, म्हणजे सुमारे २५५. महाग दिसणारी पिशवी इथे स्वस्त निघाली. तुमच्या दुकानातले भाव घालून हाच हिशेब करा.

चिलेटेडची गोष्ट निराळी. त्यात इडीटीए नावाच्या सेंद्रिय रेणूने जस्ताला चहूबाजूंनी धरून ठेवलेलं असतं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या, आठच्या वर सामू (पीएच) गेलेल्या जमिनीत सुटं जस्त लवकर अडकून पडतं. चिलेटमधलं तितक्या लवकर अडकत नाही. पैसे त्या पकडीचे आहेत, टक्क्याचे नाहीत. म्हणून ठिबकातून किंवा पानांवर थोड्या प्रमाणात द्यायला ते चांगलं. पण जमिनीतली मूळ कमतरता भरून काढायला त्यावर भिस्त ठेवू नका. एकरी अर्धा किलो चिलेट टाकलं तर जस्त जातं फक्त ६० ग्रॅम. जमिनीला सल्फेट आणि तातडीच्या फवारणीला चिलेट, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याच वाचकाने पुढे विचारलं आहे, की उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये ठेवलेलं हेप्टा ओलसर होऊन त्याचं ढेकूळ झालं, ते टाकून द्यावं का? टाकू नका. साधारण ३९ अंशांच्या वर हेप्टाच्या स्फटिकातलं पाणी सुटू लागतं. आपल्याकडे मे महिन्यात शेडच्या आतलं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. सुटलेल्या पाण्यातच मीठ थोडं विरघळतं आणि रात्री गार झालं की घट्ट बसतं. जस्त कुठेही उडून जात नाही. पोत्यावरून मोगरी फिरवून फोडा, चाळा आणि वापरा. फक्त पोतं फाटून पाणी निथळून गेलं असेल, तर त्यासोबत जस्तही गेलं असं समजा.

प्रश्न : पऱ्हाटीवर डीएपीची फवारणी करताना त्यातच झिंक सल्फेट टाकलं, तर पंपात दह्यासारख्या गाठी झाल्या आणि नोझल बंद पडलं. माल भेसळीचा होता का? (शेतकरी, दारव्हा, जि. यवतमाळ)

उलट, तुमचं झिंक सल्फेट खरं असल्याची ती खूण आहे. डीएपीतला फॉस्फेट आणि सल्फेटमधलं जस्त पाण्यात भेटले की झिंक फॉस्फेट तयार होतं. वर सांगितलं तसं ते विरघळत नाही, आणि त्याचाच साका तुमच्या नोझलमध्ये बसला. म्हणजे त्या पंपातून जस्तही वाया गेलं आणि स्फुरदही. १९:१९:१९ आणि १२:६१:० या विद्राव्य खतांतही फॉस्फेट असतो, त्यांच्यासोबतही हेच होईल. युरियासोबत झिंक सल्फेट चालतं. फॉस्फेटवालं खत आणि झिंक सल्फेट यांच्या फवारण्यांत आठवडाभर अंतर ठेवा. जमिनीत देतानाही डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवून एकाच तासात (ओळीत) पेरू नका. झिंक सल्फेट शेणखतात मिसळून आधी पसरा आणि वखराची पाळी द्या.

ही भानगड भेसळ ओळखायला मात्र कामी येते. झिंक सल्फेटमध्ये स्वस्तातलं मॅग्नेशियम सल्फेट मिसळण्याचा प्रकार जुना आहे. दोन्ही पांढरे, दोन्ही चमकदार, डोळ्यांनी फरक कळत नाही. काचेच्या एका पेल्यात चमचाभर डीएपी विरघळवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी घ्या. दुसऱ्या पेल्यात तपासायचं मीठ विरघळवा. दोन्ही एकत्र करा. झिंक असेल तर लगेच दाट, गुठळ्यांचा साका येतो. नुसतं मॅग्नेशियम सल्फेट असेल तर तसा साका लगेच येत नाही. दुसरी परीक्षा कॉस्टिक सोड्याची : मिठाच्या पाण्यात पातळ कॉस्टिकचे थेंब टाकले की दोन्हींत पांढरा, खळीसारखा साका येतो. पण दाट कॉस्टिक आणखी घातलं की झिंकचा साका विरघळून पाणी पुन्हा नितळ होतं, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. कॉस्टिक कातडी भाजतं, म्हणून ही परीक्षा हातमोजे आणि चष्मा घालून करा. नाहीतर शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या शिक्षकांकडून करून घ्या.

या परीक्षांनी झिंक आहे की नाही ते कळतं, किती टक्के आहे ते कळत नाही. शंका असेल तर पक्कं बिल आणि पिशवी जपून ठेवा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. खत नियंत्रण आदेश १९८५ खाली अधिकृत नमुना खत निरीक्षकानेच काढावा लागतो. फोडलेल्या पिशवीतून आपण स्वतः पाठवलेल्या पुडीवर कारवाई होत नाही.

प्रश्न : मग झिंक सल्फेटच्या फवारणीत चुना का घालायला सांगतात? तेव्हाही पाणी दुधासारखं होतंच की. (वरील पत्रासारखंच, अचलपूरहून)

झिंक सल्फेटचं पाणी आंबट असतं, म्हणजे त्याचा सामू कमी असतो. एकटं फवारलं तर कोवळी पानं भाजतात. चुना ते आंबटपण मारतो. माप आहे हेप्टाच्या निम्मं : १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि सुमारे ३७ ग्रॅम विरलेला चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवा. चुन्याची निवळी कापडातून गाळून झिंकच्या पाण्यात हळूहळू ढवळत ओता, उलट्या क्रमाने नको. दुधाळपणा येतो तो जस्ताच्या बारीक कणांचा. ते पानावर बसून हळूहळू उपयोगी पडतात. डीएपीच्या गुठळ्यांसारखे ते नाहीत. पण द्रावण ठेवलं की कण खाली बसतात, म्हणून त्याच दिवशी फवारा आणि पंप मधून मधून हलवत राहा.

प्रश्न : धानाच्या बांधीत रोवणीनंतर पानांवर गंजासारखे ठिपके आले आहेत. कोणी झिंक सल्फेट सांगतो, कोणी झिंक ऑक्साइड, आणि कृषी केंद्रात मँकोझेब हे बुरशीनाशक दिलं. त्यातही झिंक आहे म्हणे. (साकोली, जि. भंडारा)

रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके, कोवळ्या पानाच्या बुडाशी मधली शीर फिकट आणि धान जागीच खुरटलेलं, अशी चिन्हं असतील तर तो बहुधा खैरा आहे. रोग म्हणतात, पण त्याला बुरशी कारणीभूत नाही. ती जस्ताची कमतरता आहे. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणून त्यावर बुरशीनाशक लागू पडत नाही.

मँकोझेबमध्ये जस्त असतं हे खरं. पण १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम मँकोझेब घेतलं तर त्यातलं जस्त जेमतेम अर्धा ग्रॅम. तेवढ्याच पाण्यात ५० ग्रॅम हेप्टा घेतलं तर साडेदहा ग्रॅम. झिनेब आणि झिराम ही नावंही ‘झि’ने सुरू होतात. तीही बुरशीनाशकंच आहेत, खतं नव्हेत.

उभ्या पिकात झिंक सल्फेट अर्धा टक्का अधिक चुना पाव टक्का, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. पुढच्या हंगामात शेवटच्या चिखलणीला एकरी १० किलो हेप्टा द्या. झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं. त्यामुळे फवारणीसाठी त्याची साधी भुकटी घेऊ नका. त्याचा चांगला उपयोग रोवणीच्या आधी होतो : लिटरला २० ग्रॅम घालून ढवळा आणि पऱ्ह्यांच्या मुळ्या त्यात बुडवून मग रोवा. मुळाला चिकटलेलं ऑक्साइड बांधीत हळूहळू सुटतं.

आणि ‘झिंक विरघळवणारे जिवाणू’ म्हणून जी बाटली मिळते, तिच्यात जस्त नसतं. जमिनीत अडकलेलं जस्त मोकळं करणारे जिवाणू असतात. माती परीक्षणात डीटीपीए जस्त (म्हणजे पिकाला घेता येईल असं जस्त) ०.६ पीपीएमच्या खाली असेल, तर आधी सल्फेट, मग बाटली.

प्रश्न : जुलाब झालेल्या बाळांना आम्ही ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या देतो. एका घरी आजीबाईंनी विचारलं, की शेतातलं झिंक तेच ना, मग चिमूटभर दिलं तर? (आशा कार्यकर्ती, धारणी, जि. अमरावती)

कृपया सर्व घरांत ठामपणे सांगा : देऊ नका. गोळीतही बहुतेक वेळा झिंक सल्फेटच असतं, पण ते औषधाच्या शुद्धतेचं आणि मोजून घातलेलं असतं. खतात शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू काही प्रमाणात असू शकतात. पिकासाठी ठरवलेली त्यांची मर्यादा बाळासाठी नसते.

शिवाय मात्रा. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. हे आकडे शुद्ध जस्ताचे आहेत, मिठाचे नव्हेत. गोळीच्या पाकिटावरही ‘२० मिलिग्रॅम मूलद्रव्य झिंक’ असं पाहा. चिमूटभर म्हणजे अर्धा ग्रॅम हेप्टा धरलं, तरी त्यात १०० मिलिग्रॅमच्या वर जस्त होतं, पाच दिवसांची मात्रा एका वेळी. त्याने उलट्या होतात, आणि जुलाबाने आधीच कोरडं पडलेलं बाळ आणखी कोरडं पडतं. गोळी चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्या, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा. सरबतावर झिंक ग्लुकोनेट किंवा झिंक ॲसिटेट लिहिलं असेल तर गोंधळू नका. मीठ वेगळं, जस्त तेच. मिलिग्रॅमचा आकडा पाहा.

प्रश्न : कॅलामाइन म्हणजे खनिज की अंगाला लावायचं गुलाबी औषध? आणि झिंक ब्लेंडला ‘भाजतात’, कॅलामाइनचं ‘निस्तापन’ करतात, हे कसं लक्षात ठेवायचं? (दहावीची विद्यार्थिनी, मूल, जि. चंद्रपूर)

दोन्ही. पुस्तकातलं कॅलामाइन म्हणजे झिंक कार्बोनेटचं खनिज. घामोळ्यांवरच्या गुलाबी औषधात मुख्य भाग झिंक ऑक्साइडचा. गुलाबी रंग त्यात घातलेल्या किंचित लोहाच्या ऑक्साइडचा. नाव जुनं राहिलं, आतला पदार्थ बदलला.

झिंक ब्लेंड म्हणजे झिंक सल्फाइड. त्यात ऑक्सिजन नाही, तो बाहेरून द्यावा लागतो. म्हणून भरपूर हवेत तापवतात, त्याला भाजणे म्हणतात, आणि गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन निघतो. कार्बोनेटमध्ये ऑक्सिजन आधीच आहे. म्हणून मर्यादित हवेत तापवलं तरी कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तेच निस्तापन. दोन्ही वाटांनी हातात येतं झिंक ऑक्साइड, आणि मग कार्बन त्याचं जस्त करतो. राजस्थानातल्या जावर इथे जस्ताची वाफ करून ती थंड करायची विद्या शेकडो वर्षांपूर्वी होती. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळून हवेत निघून जातं, त्यामुळे ते धरून ठेवणं ही अवघड कला होती.

प्रश्न : घरावरच्या टिनाला जस्ताचा पत्राही म्हणतात. टिन म्हणजे कथील ना? (चिखली, जि. बुलडाणा)

आपण ज्याला टिन म्हणतो त्यात कथील अजिबात नाही. तो लोखंडी पत्रा आहे, वर जस्ताचा थर. याला जस्तविलेपन म्हणतात. कथिलाचा थर देणं म्हणजे कल्हई, ती पितळी भांड्यांच्या आत करतात. ‘जर्मन’चं भांडंही असंच फसवं नाव : ते ॲल्युमिनियम असतं. जर्मन सिल्व्हर हा निराळाच मिश्रधातू. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नसते.

हा फरक घरात दोन ठिकाणी उपयोगी पडतो. जस्ताच्या बादलीत ताक, चिंचेचं पाणी, लोणचं ठेवू नका, आंबटाने जस्त विरघळून खाण्यात उतरतं. आणि बागेसाठी बोर्डो मिश्रण करताना मोरचूद त्या बादलीत कालवू नका. मोरचुदातलं तांबं बादलीच्या जस्तावर तांबूस थर होऊन बसतं, जस्त द्रावणात जातं, म्हणजे औषध कमजोर होतं आणि बादलीही कुजते. त्यासाठी प्लास्टिकचा ड्रम किंवा मातीचं भांडं घ्या.

नवे पत्रे पावसाळ्यात एकावर एक रचून ठेवले तर मधल्या ओलीने त्यांवर पांढरी पूड चढते. तोही जस्ताचाच गंज आहे. पत्रे तिरके उभे करा आणि दोन पत्र्यांमध्ये काडी घाला, म्हणजे वारा खेळेल.